करंज तेलाचा दसरा

श्रीपती शिंत्र्यांसमोर मोटरसायकलचा विषय काढायचा नाही, असा केरवडे गावात अलिखित नियमच होता. काढला की संपलं. समोरचा माणूस दवाखान्यात निघालेला असो की दळण टाकायला, श्रीपती त्याला हाताला धरून कट्ट्यावर बसवणार, चहा सांगणार आणि ‘पकड’ म्हणजे काय ते अगदी पहिल्यापासून समजावणार. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, “आमच्या अनूनं केलंय.” ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते, पण रागवत कुणी नव्हतं. कारण गोष्ट खरी होती. देशातल्या प्रत्येक नव्या दुचाकीत सक्तीनं बसणारं यंत्र केरवड्याच्या पोरीनं केलं होतं, आणि ते बापानं मिरवायचं नाही तर कुणी मिरवायचं?

त्या यंत्राचं मूळ श्रीपतीच्या उजव्या पायात होतं. अनू चौथीत असताना बापलेक आजऱ्याचा बाजार करून घाटानं परतत होते. ऑक्टोबरचं ऊन, कितीतरी दिवसांत पावसाचा थेंब नाही, आणि अचानक भुरभुर सुरू झाली. पोर भिजायला नको म्हणून श्रीपतीनं घाई केली, वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निसटली. त्याचा पाय मोडला, अनूच्या हनुवटीला खरचटण्यावर भागलं. रडणाऱ्या पोरीला जवळ ओढून तो म्हणाला होता, “घाई न्हाई बाळ. वाट बघू.”

त्या वाट बघण्यात पोरीनं एक गोष्ट टिपली. भुरभुर होती तोवर त्याच वळणावर आणखी दोघं घसरले. मग पाऊस धो धो कोसळला, आणि त्यानंतर आलेल्या गाड्या सरळ निघून गेल्या. जास्त पावसात कमी का घसरतं, हे तिनं बापाला विचारलं, शाळेत विचारलं, आणि कुणी धड सांगेना तशी ती स्वतःच शोधायच्या मागं लागली. शिकायला पुण्यात गेली आणि तिथल्याच एका संशोधन केंद्रात रमली. श्रीपती मात्र त्या दिवसानंतर मोटरसायकलवर बसला नाही, मागच्या सीटवरसुद्धा नाही. जिथं जायचं तिथं एसटीनं, नाहीतर लंगडत.

उत्तर तसं साधंच निघालं. कोरड्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांचं ऑइल ठिबकतं, डिझेलची काजळी बसते, झिजलेल्या टायरची पूड पडते, वरून धूळ. डांबराच्या बारीक खळग्यांत हे सगळं मुरून राहतं. पहिली भुरभुर ते धुऊन नेत नाही, नुसतं भिजवून वर काढते. मग डांबर आणि चाक यांच्यामध्ये एक बुळबुळीत साय धरते आणि चाकाला रस्ता सापडतच नाही. पावसानं जोर धरला की ती साय वाहून जाते. म्हणजे उघडिपीनंतरच्या पावसाची पहिली घटकाच काय ती घातकी. ती टळली की रस्ता पुष्कळ शहाण्यासारखा वागतो.

अनूची पकड ही साय चाकाकडूनच चाचपून घेत असे. चालवणाऱ्याला कळणारही नाही इतका हलका ब्रेक पुढच्या चाकाला पुन्हा पुन्हा लागायचा, आणि त्या चिमट्यानं चाक किती घसरलं यावरून रस्त्याचं घर्षण निघायचं. हँडलवर हिरवा, पिवळा, लाल असा दिवा. लाल लागला की यंत्र वेग उतरवी, आणि फारच वाईट असेल तर गाडी थांबवूनच ठेवी. शिवाय प्रत्येक गाडी आपलं माप आसपासच्या गाड्यांना कळवी, त्यामुळं वळण येण्याआधीच ते कसं आहे हे ठाऊक. पकड आल्यावर तालुक्याच्या दवाखान्यातली प्लास्टरची खोली जवळजवळ ओस पडली. अनूला खंत एवढीच होती की पोरं आता रस्त्याकडं बघायची सोडून दिव्याकडं बघत होती. श्रीपतीला ते काही पटत नसे. दिवा आहे की, मग रस्त्याकडं बघायचंय कशाला, असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी अनू दसऱ्याला गावी आली आणि गावानं तिचा सत्कार ठरवला. केरवड्याचं सीमोल्लंघन मोटरसायकलींवरून होतं, ही गावाची जुनी हौस. खंडेनवमीला गाड्या ओढ्यावर धुवायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि मग नांगर-विळ्यांसारखीच गाड्यांनाही विश्रांती. दसऱ्याच्या दुपारपर्यंत कुणी किल्ली लावायची नाही. दुपारी सगळ्यांनी मिळून घाटाच्या तोंडाशी असलेल्या शिवेच्या दगडापर्यंत जायचं, तिथं आपट्याची पूजा करायची, एकमेकांना सोनं द्यायचं आणि परतायचं. सत्कारही तिथंच, दगडापाशी, शाल आणि श्रीफळ देऊन.

आता लेकीचा सत्कार म्हटल्यावर बाप स्वस्थ बसतोय होय? श्रीपती नवमीला सकाळीच ओढ्यावर जाऊन ठाण मांडून बसला. बादलीत करंजाचं तेल, त्यात कालवलेली दिव्याची काजळी आणि हातात फडकं. धुऊन आलेल्या प्रत्येक गाडीचे टायर तो स्वतः काळेभोर करून देत होता. टायरच्या बाजूंना कुणीही लावतं, पण आपल्याकडं अर्धवट काम नसतं म्हणत त्यानं जमिनीला टेकणारा भागही चांगला मुरेपर्यंत चोळला. गाव खूश झालं. अनूची गाडी त्यानं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मन लावून केली. अनू त्या वेळी घरात आईच्या हातच्या कडाकण्या खात होती, तिला याचा पत्ताही नव्हता.

दसऱ्याच्या दुपारी माळा घातलेल्या गाड्या ओळीनं निघाल्या. श्रीपती सवयीप्रमाणं आधीच चालत शिवेवर पोचला होता, नव्या फेट्यात. मिरवणूक निम्म्या वाटेवर आली असेल नसेल, आणि आभाळ भरून आलं. गणपती गेल्यापासून पाऊस नव्हता. परतीच्या पावसाची भुरभुर सुरू झाली तसे हँडलवरचे दिवे एकामागून एक लाल झाले. गाड्या माणसाच्या चालीनं सरपटत कशाबशा दगडापाशी आल्या आणि तिथं जागच्या जागी थांबल्या. मग चाळीसेक गाड्या एकाच गोड आवाजात, एकदमच बोलल्या की रस्ता अत्यंत निसरडा असल्यामुळं वाहन थांबवण्यात येत आहे.

आधी लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं की ज्या यंत्राला शाल घालायला आलो, त्यानंच आपल्याला भिजत उभं केलं. सरपंच नांगरे तसे सभ्य गृहस्थ, पण त्यांनीही शाल पिशवीत परत ठेवली. अनू रस्त्यावर बूट घासून बघत होती. रस्ता निसरडा होता खरा, पण इतका नव्हता. एखाद्या गाडीचं माप चुकलं तर पकड ते मानत नाही, इतरांशी ताडून बघते. इथं चाळीस गाड्या एकमुखानं सांगत होत्या की रस्त्यावर जणू लोणी पसरलंय. तिच्या कपाळावरची आठी श्रीपतीनं पाहिली आणि तो गर्दीतून पुढं सरकला.

तेवढ्यात सरपंचांचा फोन वाजला. घाटाखालच्या मोळेवाडीतून, तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टर बोलत होत्या. तानाक्का बांधावर आपट्याची फांदी तोडायला गेली होती, तिला घोणस चावली होती. उपकेंद्रातली सापाची लस संपलेली. पाय सुजत चाललाय, लवकरात लवकर लस पाठवा.

तानाक्का म्हणजे श्रीपतीची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा स्वतःचं लग्न लांबवून तिनं या भावाला वाढवलं होतं. घाटातला अर्धा रस्ता भाद्रपदात खचलेला, चारचाकी जात नव्हती. आरोग्य केंद्राचं औषधं पोचवणारं ड्रोन विजा चमकत असताना उडत नव्हतं. केंद्रातला माणूस बर्फाच्या डब्यात लस घालून धावत शिवेपर्यंत आला, आणि पुढं न्यायला समोर चाळीस गाड्या उभ्या होत्या, त्यांतली एकही हलायला तयार नव्हती.

मग मात्र लोकांची जीभ सैल सुटली. माणूस मरायला टेकलंय आणि हे यंत्र शहाणपणा शिकवतंय, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं पान्हा काढला आणि यंत्राची तारच तोडू म्हणाला. अनू त्याच्या आडवी उभी राहिली. यंत्र का अडलंय ते कळू दे, आंधळेपणानं घाटात घातलीत तर दोन माणसं जातील, असं ती सांगत होती, पण ऐकतो कोण? पुण्याच्या खोलीत बसून केलेलं यंत्र, पुण्यातच चालायचं, असंही कुणी बोललं. ते श्रीपतीच्या जिव्हारी लागलं.

त्यानं मान खाली घातली, आणि म्हणूनच त्याला ते दिसलं. अनूच्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली पावसाच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरला होता. शेजारच्या गाडीखालीही तसाच. त्यानं नाक पुढं केलं. करंजाचा कडवट वास. ज्या मापानं लेकीला तोंडघशी पाडलं होतं, ते रस्त्याचं नव्हतंच, त्याच्या फडक्याचं होतं.

कुणालाच काही कळलं नव्हतं, आणि तो गप्प राहिला असता तर कळलंही नसतं. नव्या फेट्यात, सगळ्या गावासमोर, सणाच्या दिवशी बोलायचं म्हणजे उरलेला जन्म चेष्टा झेलायची. पण गप्प राहिलं तर दोष अनूच्या माथी बसणार. श्रीपतीनं घसा खाकरला.

“यंत्र बरोबर हाय. टायरला मी तेल लावलंय. सगळ्यांच्या.”

अनूनं वाकून टायरवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि बापाकडं पाहिलं. तो शिव्या खायच्या तयारीनं उभा होता. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं सुटल्यावर चौथीतल्या पोरीच्या चेहऱ्यावर असायचा तोच उजेड होता. ती भराभर सांगत सुटली. पकड घर्षण मोजते, पण ते रस्त्यामुळं कमी आहे की टायरमुळं, हे तिला ओळखता येत नाही. कोरड्यात तेल रबरात मुरून होतं, पावसाच्या पाण्यानं ते वर काढलं. एक गाडी तेलकट असती तर बाकीच्यांनी तिला खोटं पाडलं असतं. सगळ्याच तेलकट, म्हणून सगळ्याच एकमेकींची साक्ष देत राहिल्या. गाडीच्या टायरला तळापासून तेल चोळून देणारा बाप जगात असेल, हे तिनं गृहीतच धरलं नव्हतं.

“आबा, राख आणा,” ती म्हणाली. “जमेल तेवढी.”

शिवेवरच्या चहाच्या टपरीत चूल होती. श्रीपतीनं तिच्यातली राख आणि भांडी घासायचा काथ्या उचलून आणला. मघाशी पान्हा घेऊन धावलेलाच आता गुडघ्यावर बसून अनूच्या गाडीचं मागचं चाक घासत होता. पुढचं चाक श्रीपतीनं कुणाला हात लावू दिलं नाही. रबराचा खरा राखाडी रंग दिसेपर्यंत त्यानं ते खरवडलं. अनूनं यंत्राला इतर गाड्यांची मापं सोडून फक्त स्वतःच्या चाकावर विसंबायला सांगितलं. गाडी थोडी पुढं मागं केली. दिवा लालच राहिला, पण गाडीचं कुलूप सुटलं.

लोक म्हणाले, आता निघा. अनू निघाली नाही.

घाटाकडं बघत ती उभी राहिली. पाऊस अजून भुरभुरच होता. रस्ता चमकत होता, पण पाणी वाहत नव्हतं. उतारावर सगळी साय नुकतीच वर आलेली. या घटकेला उतरलो तर वळणावर पडू, आणि पडलो तर लसही फुटेल, मग आत्याला कुणीच पोचणार नाही, असं तिनं शांतपणं सांगितलं. आभाळ काळं होतं, मोठी सर येणार हे दिसत होतं. सिस्टरला तिनं फोन लावला, पाय हलवू देऊ नका, धीर द्या, आम्ही येतोच आहोत म्हणाली. मागं कुजबुज सुरू झाली. सख्खी आत्या मरतेय आणि ही पाऊस बघत बसलीय. श्रीपतीच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. तो पुढं झाला, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात ती वळून म्हणाली, “घाई नाही आबा. वाट बघू.”

हे शब्द त्यानं ओळखले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की त्या दिवशी आपण पोरीला नुसतं पाडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाऊस होता म्हणून ते कुणाला कळलं नाही.

सर आली. अशी आली की फेटा डोक्यावर लोळागोळा झाला. बघता बघता रस्त्याच्या कडेनं काळपट फेसाळ पाणी वाहायला लागलं, मग गढूळ, मग नितळ. दिवा पिवळा झाला. अनूनं गाडी सुरू केली आणि डबा धरायला कोण बसतंय ते न विचारताच म्हणाली, “आबा, बसा. वळणावर उलटे कलू नका, माझी पाठ कलेल तसंच कला.”

सगळं गाव बघत होतं. श्रीपतीनं उजवा पाय हातानं उचलून पलीकडं टाकला, डबा पोटाशी धरला आणि बसला.

तिनं गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवली होती, इंजिनचा आवाज हूं की चूं नाही. रस्त्याच्या मधोमध, जिथं गाड्यांचं ऑइल ठिबकतं, तिथून ती लांब राहत होती. चाकं जाऊन जाऊन जिथं डांबर साफ असतं, त्या पट्ट्यातूनच चालवत होती. पांढरा पट्टा आडवा आला की गाडी अगदी सरळ धरून ओलांडायची. वळणाच्या कितीतरी आधीच वेग कमी, दोन्ही ब्रेक हलके हलके, आणि वळणात ब्रेकला बोटसुद्धा नाही. सुरुवातीला श्रीपतीनं डोळे घट्ट मिटले होते. दोन वळणं गेल्यावर उघडले. तो पडला होता ते वळण कधी मागं गेलं, त्याला कळलंसुद्धा नाही. आपल्याला जे आयुष्यात जमलं नाही ते ही पोर समोर बसून करतेय, या विचारानं त्याचा ऊर भरून आला, आणि भीती कुठल्या कुठं गेली.

खचलेल्या भागानंतर, दिवा पिवळाच असताना, अनूनं गाडी सावकाश थांबवली. पुढं मोळेवाडीकरांनी सकाळी पूजा केली होती, त्यांची झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं रस्ताभर पसरून भिजली होती. पकडीला चाकाखालचं कळतं, आणि इतरांची चाकं जिथं गेली तिथलं. या फुलांवरून अजून कुणीच गेलं नव्हतं. श्रीपती उतरला, डबा तिच्याकडं दिला आणि लंगड्या पायानं फुलं बाजूला सारत चाकापुरती वाट केली. दिवा असताना रस्त्याकडं कशाला बघायचं, हे वाक्य त्या दिवसापासून त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

लस पोचली. तानाक्काचा पाय काळानिळा पडला होता, पण जीव शाबूत होता. पुढं तिला कोल्हापूरला हलवलं, तिथं बरेच दिवस राहावं लागलं. पण त्या संध्याकाळी सलाईन चालू असतानाच तिला टायरच्या तेलाची हकिकत समजली. तिनं भावाकडं बघितलं आणि सिस्टरला म्हणाली की सापानं नाही तर यानंच मला मारलं असतं. मग अनूचा हात धरून बराच वेळ सोडला नाही.

पुण्याला परतल्यावर अनूनं कामाला सुरुवात केली. जी गाडी डांबरावर, सिमेंटवर, मातीवर, सगळीकडं सारखीच घसरते, तिच्या रस्त्यात नव्हे तर टायरमध्ये खोट आहे, हे पकडीला शिकवलं. त्या तपासणीला केंद्रात सगळे ‘श्रीपती चाचणी’ म्हणू लागले. आणि फोनवर गप्पा मारता मारता तिनं बापाकडून काही वाक्यं बोलून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी नवमीच्या आधीच श्रीपतीनं बादली माळ्यावर टाकली होती. पकडीचा नवा आवाज गावात कुणीतरी आधीच ऐकला होता, पण सगळ्यांनी मिळून त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. दसऱ्याला, लांबलेल्या उघडिपीनंतर, पुन्हा भुरभुर आली. श्रीपती शिवेवरच्या टपरीत बसला होता. शेजारी त्यानं स्वतः चालवत आणलेली गाडी उभी होती. घाट उतरायला निघालेला एक परगावचा मोटरसायकलवाला दगडापाशी आला, त्याचा दिवा लाल झाला आणि गाडीतून श्रीपतीचाच आवाज आला, “घाई न्हाई बाळ. वाट बघू.”

त्या माणसानं निमूटपणं गाडी बाजूला घेतली आणि तो टपरीत आला. राज्यभर ज्या ज्या गाडीला मराठी कळतं, त्या प्रत्येक गाडीत हाच आवाज आहे, हे टपरीवाल्यानं श्रीपतीला तेव्हा सांगितलं. परगावच्या माणसानं केस पुसत विचारलं, आजोबा, हा कोण म्हातारा बोलतो हो गाडीत, अगदी घरच्यासारखा?

टपरीवाल्यानं कपाळाला हात लावला आणि न सांगताच दोन चहा टाकले.

“आवाज माझा हाय,” श्रीपती म्हणाला. “चूक बी माझीच. बाकी सगळं आमच्या अनूनं केलंय. बसा, सर यायला अजून वेळ हाय. पहिल्यापासून सांगतो.”